निर्दोष वांग्यावरील आक्षेप

वांग्यापुरते पाहिल्यास मनुष्य आणि अळी यांचे हितसंबंध अगदी समान आहेत. म्हणूनच त्यांचे पटत नाही. हा तिढा सोडवण्यासाठी बंगळूरमधील एका संशोधन संस्थेने अत्यंत सुसंस्कृत मार्ग काढला. शेंडा व फळ पोखरणाऱ्या अळीचे एकच जनुक निष्क्रिय करणारा फवारा तयार झाला. अळी शेंडा खाते, तिचे पचन थांबते आणि ती कोणालाही दोष न देता मरते. मधमाशीला, माणसाला, अगदी शेजारच्या भेंडीवरील अळीलाही धक्का लागत नाही. (शेजाऱ्याला न दुखावता पार पडणारे हे शहरातील पहिलेच काम असावे.)

संशोधन डॉ. वसुमतींचे. त्या शहरातल्याच बनशंकरीच्या, मराठी घराणे कित्येक पिढ्यांपूर्वी इथे आलेले. आता एकच अट उरली होती: सामान्य कुटुंबांनी ही वांगी खाऊन अभिप्राय द्यावेत, अन्यथा प्रकल्प बंद. त्यासाठी सर्जापूर रोडवरील एका संकुलाची गच्ची निवडण्यात आली. तेथील रहिवासी उच्चशिक्षित असून सेंद्रिय अन्नाचे कडवे पुरस्कर्ते होते. (निवडीत चूक झाली ती येथेच.)

गच्चीवर वांगी लावून अर्ध्या वाफ्यांवर फवारणी झाली. ती वांगी नितळ, तुकतुकीत निघाली. उरलेली अळ्यांनी पोखरली. मग सभा भरली.

संकुलाचे सचिव शार्दूल, मूळचे पुण्याचे, म्हणाले, "मॅडम, टेक्नॉलॉजी सॉलिड आहे. पण जे किडा खात नाही, ते आम्ही कसं खायचं?"

"खाल्लं की, अण्णा!" वसुमती म्हणाल्या. "स्वल्प खाऊनच मेला तो."

"हे तर आणखी भयंकर!" रहिवाशांपैकी आसावरी म्हणाल्या.

"मग भोकाची न्या, अक्का. त्यांच्यावर काहीच मारलेलं नाही."

"ईऽ! त्यात अळ्या असतात!"

साधकबाधक चर्चेअंती ठराव झाला: वांग्यास शुद्धतेचा पुरावा म्हणून एक भोक असावे, ते दर्शनी बाजूस असावे, आत अळी नसावी. बाजूने एकोणचाळीस, विरोधात शून्य, तटस्थ एक. (या गृहस्थांना वांगे वातूळ पडते.)

"सरी, तसंच करू," वसुमती म्हणाल्या. त्यांनी निर्जंतुक सुईने फवारलेल्या प्रत्येक वांग्यास भोक पाडले आणि टोपलीवर प्रामाणिकपणे चिठ्ठी लावली: 'भोक संस्थेतर्फे.'

"चालेल," शार्दूल म्हणाले. "भोक आहे ना? बास."

घरोघरी भरली वांगी झाली. 'अस्सल गावरान चव' असा एकमुखी अभिप्राय आला आणि प्रकल्प वाचला. संस्थेत आता स्वतंत्र भोक विभाग असून तेथे तीन पदे मंजूर आहेत.

वाचकहो, हसण्यापूर्वी आपला बाजार आठवा. आपण प्रत्येक वांगे उलटेसुलटे करता, भोकाचे बाजूला टाकता आणि नितळ वांग्यांनी पिशवी भरल्यावर विचारता, "औषध मारलेलं नाही ना?" भाजीवाला मान हलवून 'इल्ला', म्हणजे नाही, म्हणतो आणि आपण समाधानाने घरी जाता. अळीची भूक मारण्यासाठी डॉ. वसुमतींना आयुष्यातली उमेदीची वर्षे खर्चावी लागली. आपली शंका मारायला एक शब्द पुरतो.