चिखलातली हजेरी

एका जंगलात, मुलांनो, एक पोलीसचौकी होती. पहाऱ्यावर कुत्रे होते. आणि ते आता दहाच उरलेत, अशी जंगलभर अफवा होती.

त्या धास्तीने प्राण्यांनी रताळ्यांच्या सामाईक मळ्यावर आपापसांत राखणीच्या पाळ्या लावल्या होत्या. ससा कुरकुरत जाई, पण जाई. रानडुकरं लांबूनच बघून माघारी फिरत.

गोदाक्का गोगलगाय त्याच मळ्यात एका पानाखाली राहायची. शाळा पाहिलेली नव्हती, पण रोजनिशी नेटकी लिहायची. मंगळवारी पाणवठा बंद असतो, ही अफवा तिने ओळीने सहा मंगळवार पाणी पिऊन खोडली होती. तेव्हापासून तिच्या शब्दाला वजन आहे, असं सगळ्यांचं मत होतं. तिचं तर होतंच.

ती चौकीवर गेली. पोचली तोवर हजेरी आटोपून कुत्रे गस्तीला गेले होते. मागे चिखलात पावलं उमटली होती. तिने मोजली. पुन्हा मोजली. चाळीस भरली.

गोगलगाईला पाय एकच, तोही पोटाखाली. एक पाऊल म्हणजे एक हवालदार, यात शंका घेण्यासारखं तिला काही दिसलं नाही.

वडाच्या बुंध्यावर तिने खुलासा लिहिला: ‘दहा ही अफवा. पहारेकरी चाळीस. प्रत्यक्ष मोजले.’

“आक्का, तुम्ही मोजलंत म्हणजे झालं,” म्हणत ससा पाळी सोडून घरी गेला. पाठोपाठ बाकीचेही गेले.

तिसऱ्या दिवशी भरदुपारी रानडुकरं आली. रताळी गेली, वेल गेले, आक्काचं पानही गेलं.

हवालदार खंडू धापा टाकत आला. आक्काने त्याला खडसावून विचारलं, बाकीचे एकोणचाळीस कुठे आहेत?

“आक्का, आम्ही दहाच.”

“मी पावलं मोजलीत.”

खंडूने एकेक पाय उचलून दाखवला. चारही.

आक्काने ते मोजले. मग पुन्हा वडावर चढली आणि खाली दुरुस्ती लिहिली: ‘पहारेकरी दहाच. चूक माझी.’

सशाने ती दोनदा वाचली.

“चाळीस जण झोपा काढतात म्हणून मळा गेला,” तो म्हणाला. “आणि त्यांना पाठीशी घालायला आक्का, आता तुम्हीही अफवा पसरवता?”

तात्पर्य: अफवेवर विश्वास ठेवू नये, मुलांनो. मात्र तिचा रीतसर खुलासा झालेला असेल, तर ठेवायला हरकत नाही.