खारोबाचा बिनचूक तक्ता

एका जंगलात, बाळांनो, नेटवर्क आलं. त्याच्या मागोमाग उदमांजरशेठ आले. त्यांनी प्रत्येकाच्या मोबाइलवर जाहिरात धाडली: ‘एकवीसचा डाव खेळा! नव्या सभासदाला शंभर चारोळ्या फुकट!’

खाली मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत एक ओळ होती. आधी स्वतःच्या चारोळ्या लावून चाळीस डाव खेळा, मगच फुकटच्या खा. ती ओळ फक्त मुंग्यांनी वाचली. त्या खेळल्या नाहीत. मुंग्यांना मेली हौसच नाही!

डाव सोपा. पानांची बेरीज एकवीसच्या जवळ न्यायची. वर गेलात की बुडालात. शेठ स्वतःचं एक पान आधी उघडं मांडत, बाकीची सगळ्यांच्या शेवटी ओढत. तोवर बरंचसं गिऱ्हाईक बुडालेलं असे. याला शेठ स्वतःचा विनय म्हणत.

वानर चैत्रातल्या एका दुपारीच सगळं हरला. कपाळावर हात मारून पुन्हा झाडावर चढला.

“अडाणी!” खारोबा म्हणाला. हा खारोबा म्हणजे शिकलेली खार. घरी बायको, तीन पिल्लं आणि पावसाळ्याची बेगमी म्हणून ढोलीभर चारोळ्या. त्याने घुबडमास्तरांचा नवशिक्यांसाठीचा क्लास लावला.

“हातात तेरा ते सोळा आणि शेठचं उघडं पान सहापर्यंत?”

“थांबायचं.”

“सात किंवा वर?”

“आणखी एक पान घ्यायचं.”

“अकरा?”

“डाव दुप्पट!”

“शाब्बास!”

मास्तरांची फी शेठच भरत. केवढं मोठं मन!

खारोबा या उत्तरांचा मास्तरांनी दिलेला तक्ता समोर ठेवून खेळला. एक चूक नाही. कधी जिंकला, कधी हरला, हरला जरा जास्त. ढोली आटत गेली, पण इतकी हळू की त्याच्या लक्षातच येईना. शेवटची चारोळी आषाढात गेली.

“अहो, पिल्लांना काय घालू?” बायको रडकुंडीला आली. “त्या वानरानं हरल्यावर दोन महिने वेचून घर भरलं. आता झाडावर एक दाणा नाही.”

“त्या अडाण्याशी माझी तुलना? मी एकही पान चुकीचं घेतलेलं नाही!”

“मग तो तक्ताच शिजवते.”

मला त्या बाईचं फार वाईट वाटलं. शेठनाही वाटलं असावं. त्यांनी खारोबाला प्रमाणपत्र पाठवलं: ‘जंगलातला सर्वांत अभ्यासू खेळाडू.’

पिल्लांनी ते कुरतडून खाल्लं. धाकटं म्हणालं, “आई, अजून आहे?”

तात्पर्य: अडाणी एका दुपारी बुडतो, म्हणून त्याला सावरायला वेळ उरतो. तेव्हा बाळांनो, मन लावून अभ्यास करा. त्याशिवाय पुरतं बुडता येत नाही.