नरसय्या अण्णांची लाट

पाऊस आला नाही म्हणून चिडणारी माणसं सोलापुरात पुष्कळ. लाट आली नाही म्हणून चिडणारा माणूस मात्र एकच होता, आणि तो नेमका भवानी पेठेत माझ्या भिंतीला भिंत लावून राहत होता. "हिप्परग्याचं ते तळं हाय का ताट?" असं तो भर चौकात विचारायचा, तेही माझ्याकडं बघून. जणू तळं मीच खणलं होतं!

नरसय्या अण्णा चादरी विणायचे. वय पंचावन्न, पोट सुटलेलं, आणि समुद्र जन्मात पाहिलेला नाही. पण मोडीत काढलेल्या हातमागाची एक लांबलचक सागवानी फळी त्यांनी रंधा मारून, तेल पाजून तयार ठेवली होती. आश्विन लागला की दर रविवारी सकाळी ती घेऊन तळ्यावर जायचं. फळीवर पालथं पडायचं आणि लाटेबरोबर काठाला यायचं. पावसानं तळं भरलेलं असतं, वाराही तेव्हाच फिरतो, म्हणून आश्विनच.

फळी एका सायकलवर मावत नसे. म्हणून तिचं पुढचं टोक त्यांच्या कॅरियरला आणि मागचं माझ्या हँडलला. ते वळले की मला वळावंच लागे. ते कुणाशी बोलायला थांबले की मी फळीवर आपटे. मी शाळामास्तर माणूस. रविवारी माझे विद्यार्थी मला असं ओढत नेलेलं बघायचे, आणि सोमवारी मी त्यांना शिस्त शिकवायची!

वाटेत शिंदीच्या झाडांखाली मडकंभर नीरा घ्यायची. त्या बाबतीत अण्णा मोठे चोखंदळ. "ही हस्त नक्षत्रातली, पानचट हाय. चित्रातली जरा बरी. स्वातीतली प्या मास्तर, मग बोला!" पण घोटभर चव बघून ते मडक्याचं तोंड बांधून टाकत. बाकीची नीरा लाट आल्यावर.

लाट येत नसे. अण्णा छातीभर पाण्यात फळी धरून उभे, आणि पाण्याला एक सुरकुती नाही. उन्हानं मडकं फसफसायला लागे. दुपारपर्यंत सकाळच्या नीरेची चांगली कडक शिंदी होऊन बसे. टाकून द्यायचं त्यांच्या जिवावर येई.

"लाट येळेवर आली असती तर मी नीराच प्यालो असतो की!" ते तळ्याकडं बोट करून ओरडत. "ह्यानं लावली मला दारू!"

आणि मग झिंगलेल्या माणसामागं फळीला बांधलेला मी, भर दुपारी, पोलीस चौकीवरून! माझ्या अब्रूची काळजी त्या तळ्यालाही नव्हती आणि अण्णांनाही.

घरी पोचलो की आतून राजव्वा विचारायच्या, "वच्चिंदा?" म्हणजे, आली का? राजव्वा ही अण्णांची बायको, लांब आंध्रातल्या बंदराकाठच्या विणकरांची मुलगी. लहानपणी फळीवर पडून समुद्राच्या लाटेबरोबर किनाऱ्याला यायच्या म्हणे. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या अंगावरून वारं गेलं. तेव्हापासून त्या अंथरुणात होत्या आणि बोलणं जवळजवळ बंद होतं.

"राले!" अण्णा फळी आपटून गरजत. नाही आली. मी तणतणत माझ्या घरी निघून जाई. पुढं काय होतं ते बघायला कधी थांबलो नाही.

तिसऱ्या आश्विनात, दिवाळीच्या आधीच्या रविवारी, ढग भरून आले आणि सोसाट्याचा वारा सुटला. तळ्याच्या मधून एक लाट उठली. अण्णा पालथे पडले. लाटेनं त्यांना उचललं आणि पंधरा-वीस हात वाहून आणून माझ्या पायाशी चिखलात टाकलं. मी नाचलो. या वयात, उघड्यावर, खरंच नाचलो. अण्णा चिखलात बसून खदखदा हसत होते. त्या दिवशी आम्ही नीरा नीरा असतानाच प्यालो.

घरी आलो. "वच्चिंदा?"

"राले!" अण्णांनी फळी आपटली. "तळं हाय का ताट!"

माझं डोकंच फिरलं. तीन वर्षं माझे रविवार खाल्ले, आणि आता हे? मी तोंड उघडलं, तोच अण्णांनी माझं मनगट घट्ट धरलं.

आत राजव्वा बोलायला लागल्या. अडखळत, तेलुगूत. पेठेत राहून मला तेवढं कळतं. रागावलं की लाट येत नाही, त्या सांगत होत्या. आमच्या गावाला लाटा पाठोपाठ यायच्या. पहिल्या सोडून द्यायच्या, मोठी बघून धरायची. डोळे मिटायचे नाहीत. अण्णा ओल्या धोतरानं आत जाऊन त्यांच्या पायाशी बसले आणि विचारत राहिले, मग? मग काय झालं? अर्धा तास त्या बोलत होत्या.

नंतर अण्णा दारापर्यंत आले. "आठवडाभर एक शब्द बोलत न्हाय, मास्तर. लाट न्हाय आली म्हनलं की माझी समजूत घालती. आली म्हनलं तर काय बोलंल?"

मी फळी उचलून भिंतीला नीट उभी करून ठेवली.

पुढच्या रविवारी सकाळपासूनच वारा सुटला होता. हँडलला फळी बांधता बांधता मी हळूच म्हणालो, "अण्णा, आज पुन्हा येणार बघा."

"येऊ दे की," अण्णा म्हणाले. "आपन सांगायचं न्हाय."