उपक्रमाचा फोटो

आमच्या तालुक्यात सायबर सुरक्षा कोणाला कळत असेल, तर ती मला! हे मी म्हणत नाही, माझं प्रमाणपत्र म्हणतं. बुलढाण्याला दिवसभराचं प्रशिक्षण झालं, तिथं मी पहिल्या रांगेत बसलो होतो. खरं सांगायचं तर पंखा तिथंच होता. पण बसलो होतो ना! जेवणात पुरी-भाजी अन् वर श्रीखंड होतं, तरी नंतरच्या भाषणात मी डोळा लागू दिला नाही. परत आलो तो शाळेचा सायबर सुरक्षा शिक्षक होऊनच.

शाळा अमडापूरच्या अलीकडे एका गावात आहे. गावाचं नाव सांगत नाही. माझ्यामुळं त्या गावाचं आधीच बरंच नाव झालंय.

पूर्वी बरं होतं बघा! पोरगं फाटकाबाहेर गेलं की मास्तर सुटला. आता पोरगं घरी पांघरुणात शिरून मोबाइलवर काय बघतं, कोणाशी बोलतं, तेही शाळेनंच पाहायचं! आमच्या हेडसरांनी, म्हणजे शालिग्राम सरांनी, यावर एक उपाय काढला होता. सकाळी पोरांचे मोबाइल बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जमा करायचे, शाळा सुटली की परत द्यायचे. झाली सुरक्षा!

"सर, डब्यानं काय होते?" मी म्हणालो. "पोरायले अनुभव द्यावा लागते."

"द्या ना," हेडसर म्हणाले. "फक्त उपक्रमाचा फोटो काढा. केंद्रप्रमुख मागून राह्यले."

हे फोटोचं जरा समजून घ्या. शाळेत झाड लावलं, हात धुतले, पुस्तक वाचलं, काहीही केलं तरी त्याचा फोटो पालकांच्या ग्रुपवर आणि वरच्या साहेबांच्या ग्रुपवर टाकावा लागतो. फोटो नाही, म्हणजे काम झालंच नाही! हाताला इतकं वळण पडलंय की घरी शरयूनं, म्हणजे आमच्या सौभाग्यवतीनं, पोहे पुढं ठेवले तरी माझा हात चमच्याकडं न जाता खिशाकडं जातो.

तर अनुभव! मी इन्स्टावर एक खोटं खातं काढलं. नाव संघर्ष, गाव खामगाव. दुसऱ्याचा फोटो वापरणं गुन्हा, हे प्रशिक्षणात सांगितलं होतं, म्हणून मी स्वतःचाच लावला. डी.एड. झाल्या झाल्या चिखलीच्या स्टुडिओत काढलेला. डोक्यावर कोंबड्यासारखा केसांचा तुरा, डोळ्यांवर मित्राचा गॉगल, हनुवटीखाली मूठ. स्थळं पाहताना हाच फोटो गावोगाव फिरला होता आणि याच फोटोवर शरयूच्या घरच्यांनी होकार दिला होता. फसवायला याच्याइतका पारखलेला फोटो दुसरा कुठला मिळणार!

नववीच्या सगळ्या पोरापोरींना एकच मेसेज पाठवला. 'हाय. मी संघर्ष. ओळखलं का?' कोण कोण फसतं ते पाहायचं, आणि शनिवारच्या पालकसभेत मोठ्या टीव्हीवर दाखवून सगळ्या गावाचे डोळे उघडायचे. तोवर कोणाला सांगायचं नाही. हेडसरांनाही नाही!

पोरांनी हद्दच केली. कोणी लिहिलं, 'हो भाऊ, ओळखलं ना.' कोणी शेताचा रस्ता सांगितला. एकानं तर माझ्या गणिताच्या तासाविषयी या संघर्षजवळ जे मन मोकळं केलं, ते मी इथं लिहू शकत नाही.

उत्तर दिलं नाही ते एकट्या निशिगंधानं. राजकुमारभाऊंची ही पोरगी, वर्गात कमी बोलणारी. दुसऱ्या दिवशी डब्यात फोन टाकण्याआधी ती माझ्यापुढं येऊन उभी राहिली.

"सर, तुमी म्हणलं होतं, काई झालं तं बिनधास्त सांगा."

"हाव, सांग ना!"

"हा कोन आहे मले माहीत नाई. बाबाले सांगतलं तं ते मलेच बोलतीन. म्हणून तुमाले दाखवून राह्यली." तिनं फोन पुढं केला. "कोनाले सांगनार नाई ना सर?"

"छे छे!" मी म्हणालो.

मला तर नाचावंसं वाटलं! आयुष्यात पहिल्यांदा माझं शिकवलेलं कोणीतरी ऐकलं होतं. मी त्या स्क्रीनचा फोटो काढला, आणि पुढं माझ्या हातानं जे केलं ते सवयीनं केलं. नववीच्या पालकांच्या ग्रुपवर फोटो टाकला आणि खाली लिहिलं, 'सायबर सुरक्षा उपक्रम यशस्वी! कु. निशिगंधा हिचे हार्दिक अभिनंदन!' शेवटी टाळ्या वाजवणारे हात. अभिनंदन म्हणजे काही कोणाला सांगणं नव्हे, असं मला वाटलं. खरंच वाटलं हो!

आता ग्रुपवरच्या माणसाला काय दिसलं असेल? गॉगलवाला एक पोरगा निशिगंधाला विचारतोय, 'ओळखलं का?' आणि मास्तर अभिनंदन करतोय!

पहिलं उत्तर शाळा समितीचे अध्यक्ष हिंमतराव यांचं आलं. 'अभिनंदन कायचं सर? पोरीचं जमलं का?' त्यावर कोणीतरी हार टाकले. कोणीतरी पेढे टाकले. कोणीतरी लिहिलं, 'पोरगा करते काय?' मी घाईघाईनं माझा मेसेज पुसला. तो पुसल्यावर तर लोकांची खात्रीच पटली की काहीतरी आहे!

दुसऱ्या दिवशी निशिगंधाचा बाक रिकामा होता.

"राजकुमारनं पोरीची शाळा बंद केली," शाळेची खिचडी ढवळता ढवळता बेबीताई म्हणाल्या. "फोन कपाटात, दप्तर माळ्यावर. दहावी बाहेरून देईन म्हणते. तिची माय आशाबाई रडून राह्यली, पोरगी तं बोलतच नाई."

मी धावत हेडसरांकडे गेलो आणि सगळं सांगून टाकलं. हेडसरांनी आधी दार लावलं.

"अनंत सर, आता चूप बसा. शाळेचं नाव जाईन. लोक दोन-चार दिवसांत विसरतात."

आणि मी चूप बसलो. या सगळ्या गोष्टीत मला स्वतःची खरी लाज वाटते ती इथं. राजकुमारभाऊंचं घर शाळेच्या मागच्याच गल्लीत. जाऊन एक वाक्य बोललो असतो तर दप्तर माळ्यावरून खाली आलं असतं. मी रोज त्या गल्लीच्या तोंडापर्यंत जायचो आणि चपलेचा पट्टा नीट करून परत यायचो.

लोक विसरतात म्हणे! हिंमतरावांनी मी पुसायच्या आधीच उतरवून ठेवलेला तो फोटो 'हा पोरगा दिसल्यास कळवावे' असं लिहून चिखली, खामगाव, मेहकर, जिथं जिथं त्यांचे सोयरे होते तिथल्या सगळ्या ग्रुपवर पाठवला. एक दिवस चार माणसं घेऊन ते शाळेत आले आणि फोन माझ्या नाकापुढं धरला.

"सर, तुमी लय पोट्टे पाह्यले. हा कोन असन?"

"मले... नाई सांगता येत."

"चेहराच चोट्टा हाय!"

"तितकाही नाही," माझ्या तोंडून निघून गेलं. "डोळे बरे वाटतात."

"डोळे कुठी दिसून राह्यले? गॉगल हाय ना!"

फोटो आणि मी एका हाताच्या अंतरावर होतो, आणि पाच माणसांपैकी एकालाही शंका आली नाही! सुटलो म्हणून जीव भांड्यात पडला. पण खोटं कशाला बोलू, थोडं वाईटही वाटलं. आपण इतके बदललो?

शनिवारी सभेला वर्ग गच्च भरला. राजकुमारभाऊ मागच्या भिंतीशी, मांडीवर दुपट्टा घेऊन बसले होते. आज सांगून टाकायचंच असं ठरवून मी उभा राहिलो. माझा मोबाइल मोठ्या टीव्हीला जोडलेला होता. 'मीच तो' हे दोन शब्द बोलायचे होते, आणि मी सुरुवात केली, "आजच्या या धकाधकीच्या युगात इंटरनेट हे..."

तेवढ्यात टीव्हीवर टुंग वाजलं.

आमच्या सासूबाई पिंपळगाव राजाच्या. त्यांचा मेसेज पडद्यावर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पसरला. वर तो फोटो, आणि खाली, 'जावईबापू, तुमचा लग्नाच्या वेळचा फोटो इकडल्या ग्रुपवर फिरून राह्यला. सापडला तं सोलून काढू म्हणतात. काय केलं तुमी? शरयू बरी आहे ना?'

हिंमतरावांनी टीव्ही पाहिला, मला पाहिलं, पुन्हा टीव्ही पाहिला. मग उठून ते टीव्हीजवळ गेले आणि त्यांनी तळहातानं फोटोतले केस झाकले.

"अरे बाप्पा! हे तं सर हायेत बे!"

असा हशा उसळला की खिडकीवरची कबुतरं उडाली! बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. हेडसर टेबलाखाली काहीतरी शोधू लागले, ते सभा संपेपर्यंत त्यांना सापडलं नाही. मीही थोडा हसलो. मग सगळं सांगितलं. खोटं खातं, तो मेसेज, ते अभिनंदन.

राजकुमारभाऊ मात्र हसले नाहीत. ते मागून पुढं आले, तसा हशा आपोआप थांबला.

"म्हणजे माह्या पोरीनं काईच केलं नोतं?"

"काईच नाई. उलट साऱ्या वर्गात तिनं एकटीनंच बरोबर केलं."

"आन् मी तिचं दप्तर माळ्यावर फेकलं." ते दुपट्टा हातात पिळत राहिले. "तिनं मले नाई सांगतलं, तुमाले सांगतलं. मले त्याचंच लागलं होतं, सर. मंग म्हणलं, असू दे, बापाले नाई तं मास्तरले तरी सांगतलं. आन् तुमी गावाले सांगतलं!"

त्यांनी दोन थोबाडीत दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

सोमवारी निशिगंधा शाळेत आली. मी सगळ्या वर्गापुढं तिची माफी मागितली. "हो सर," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर पाहू लागली. मी वऱ्हांड्यात 'बिनधास्त बोला' अशी पेटी लावली. त्यात एकच चिठ्ठी पडली, खिचडीत मीठ जास्त असल्याची. ती मी बेबीताईंना दाखवली, तर त्या माझ्याशी बोलेनाशा झाल्या. पोरं मला पाढे म्हणून दाखवायची, सुविचार सांगायची. पण मी जवळ आलो की बोलणं बंद. मोबाइल हातात दिसला तर पांगायचीच! वर्गात उभं राहून मला फार एकटं वाटायचं.

मग एक दिवस मधल्या सुट्टीत निशिगंधा ऑफिसच्या दारात आली. सोबत सातवीतली गार्गी, रडून रडून डोळे सुजलेली.

"सर, हिचं काई तरी झालं आहे. खरंखुरं."

"या या, बसा!"

"आधी तुमचा फोन."

तिच्या हातात तो बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. मी खिशातला फोन काढून मुकाट्यानं त्यात ठेवला. तिनं झाकण दाबून बसवलं, डबा बाहेर बेबीताईंच्या हाती दिला आणि बेबीताईंनी तो पोटाशी धरला. मग निशिगंधा गार्गीला म्हणाली, "सांग आता. भेऊ नको."

गार्गीनं काय सांगितलं ते मी तुम्हाला सांगणार नाही. शरयूनं दोनदा विचारलं, तिलाही सांगितलं नाही. गार्गीच्या आईला बोलावलं, हेडसरांनी या वेळी दार लावलं पण चूप बसा म्हणाले नाहीत, आणि जिथं तक्रार करायची तिथं आम्ही सोबत जाऊन केली. पोरगी आता बरी आहे.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर निशिगंधानं डबा उघडून माझा फोन मला परत दिला.

"नीट वापरजा, सर," ती म्हणाली. हसली नाही. पण बोलली!

फोनवर केंद्रप्रमुखांचा मेसेज येऊन पडला होता. 'सायबर सुरक्षा उपक्रमाचा या महिन्याचा फोटो पाठवा.'

'फोटो नाही साहेब,' मी लिहिलं.

'मग आपल्या शाळेत काहीच काम झालं नाही असं धरायचं का?'

'हो साहेब. तसंच धरा.'

तर मंडळी, सायबर सुरक्षेत आमची शाळा तालुक्यात शेवटची आहे. हे मी म्हणत नाही, वरच्या ग्रुपवरचा तक्ता म्हणतो.