दिगंबररावांची झडती

दिगंबरराव भाकरी खात नसत, तिची झडती घेत. आधी मोडायची, उजेडाकडे धरायची, आत काही दडवलेलं नाही अशी खात्री पटली की मग पिठल्याला हात. स्वतःच्या ताटापुरतं असतं तर माझं काही म्हणणं नव्हतं. पण शेजारी मी बसे, माझीही भाकरी ते मोडून ठेवत. वर म्हणत, "खात्री केलेली बरी, मास्तर."

सेलूतली आमची ही दगडी खानावळ म्हणजे निजाम सरकारची करोडगिरीची जुनी चौकी. येणाऱ्या मालावर इथे जकात बसे. पुढे चौकी स्टेशनाकडे हलली आणि कमानींखाली गणपतरावांच्या चुली पेटल्या. इथेच सारी नोकरी काढलेले दिगंबरराव त्याच गजांच्या खिडकीपाशी आता जेवायला बसू लागले. सरकारने त्यांना सोडलं, त्यांनी चौकी सोडली नाही. कुणी गाठोडं घेऊन आत आलं, की भरल्या तोंडाने ओरडत, "खोलो!" भली माणसं घाबरून गाठोडं सोडत आणि न जेवताच चालू लागत.

शेवटी गणपतराव माझ्यावरच उखडले. "मास्तर, तुमच्या दोस्ताला सांगा. आता एक जरी गिऱ्हाईक उठलं, तर उद्यापासून त्यांचं ताट बंद!"

मला घाम फुटला. दिगंबररावांच्या घरी ना बायको, ना लेकरू. खिडकी सुटली तर हा माणूस जेवणार कुठे, बोलणार कुणाशी? माझ्याच खोलीवर येणार!

दुसऱ्याच दिवशी देवगाव फाट्याकडची एक म्हातारी भलंमोठं गाठोडं घेऊन आली. मी डोळे मिटून घेतले.

"काय हाय त्याच्यात, माय?" आवाज चक्क हळू होता.

"लेक बाळंत झालीया. डिंकाचे लाडू हायेत."

दिगंबरराव उठले. गाठोड्याची सैल झालेली गाठ त्यांनी घट्ट बांधली आणि परत येऊन बसले.

"ह्याच खिडकीत अशीच एक माय आली होती," ते म्हणाले. "लाडवात चांदी लपवून न्यायलेत, अशी खबर होती. मी समदे लाडू फोडले, मास्तर. काय बी निघालं न्हाई. शिवी बी दिली न्हाई तिनं. चुरा पदरात भरून गेली."

इतक्या दिवसांचा माझा राग कुठे ठेवावा, मला कळेना.

जाताना म्हातारीने त्यांच्या ताटात एक लाडू ठेवला. जेवण उरकलं तरी तो तसाच.

"खा की," मी म्हणालो.

"फोडायला हात होईना."

त्यांनी तो अख्खा लाडू रुमालात गुंडाळला आणि दोन्ही हातांत धरून घराकडे निघाले.