नाझरसाहेबांचे अधिकृत वजन

माणूस एकटा जन्मतो आणि एकटा मरतो, असे शास्त्रात सांगितले आहे. परंतु माणूस एकटा लठ्ठ होत नाही, ही गोष्ट शास्त्रकारांच्या नजरेतून सुटली. लठ्ठपणा हे सार्वजनिक काम आहे. विहीर खणावी, देवळाचा जीर्णोद्धार करावा, तसा गाव वर्षानुवर्षे हातभार लावून एखाद्याला लठ्ठ करतो आणि मग त्याच्याकडे बोट दाखवून पोराबाळांना सांगतो, “बघा, तोंडावर ताबा नसला की असं होतं.”

अंबडने हे काम जगन्नाथराव नाझर यांच्या ठायी तडीस नेले होते. जगन्नाथराव तालुक्याच्या कोर्टात नाझर होते. समन्स बजावणे, जप्त्या करणे आणि वादातल्या वस्तूंचा पंचनामा करणे ही त्यांची सरकारी कामे. बिनसरकारी काम एकच, पंगतीला बसणे. नाझर पानावर असल्याशिवाय यजमानाची पत ठरत नसे. त्यांनी पन्नास जिलब्या खाल्ल्या तर घर खानदानी. चाळिशीतच हात थांबला तर मुलीकडच्यांनी काटकसर केली असे समजावे. (एका लग्नात पोट बिघडल्यामुळे ते बारा जिलब्यांवर उठले. त्या घरी पुढे तीन वर्षे कोणी सोयरीक घेऊन फिरकले नाही.) त्यांच्या पानावर पैजा लागत. नाझर “नको” म्हणाले, तर ती आग्रहाची पहिली पायरी समजण्यात येई. पहिले “नको” हे रीत म्हणून असते, दुसरे लाजेखातर. आणि तिसऱ्याची वेळ येईपर्यंत पान भरलेले असते.

वजन उतरविण्याचे उपायही त्यांनी गावाच्याच सल्ल्याने केले होते. कोमट पाण्यात मध झाला, त्रिफळा झाला, कुळथाचे कढण झाले, मारुतीच्या प्रदक्षिणा झाल्या. पुढे सोमवार, गुरुवार आणि शनिवार असे तीन उपास धरले. उपासाला साबुदाण्याची खिचडी, दाण्याचे लाडू, रताळ्याचा शिरा आणि म्हशीचे दही एवढेच. एकादशी अन् दुप्पट खाशी, ही म्हण गावाला पाठ होती, पण ती दुसऱ्यांच्या उपासाला लावायची असते. वर्षअखेर सहा शेरांची भर पडली, तेव्हा श्रद्धा कमी पडते असे निदान होऊन मंगळवारही धरण्यात आला.

यात हसण्यासारखे पुष्कळ होते. फक्त नाझरांना आडवे झोपता येत नव्हते. आडवे झाले की श्वास कोंडे. चार वर्षे ते माजघरातल्या खांबाला लोड लावून बसल्या बसल्या झोपत होते, आणि घोरणे मध्येच थांबले की उमाबाई दचकून उठत व नवऱ्याला गदागदा हलवीत. नाझरांचे वडील असेच बसल्या जागी अठ्ठेचाळिसाव्या वर्षी गेले होते. नाझरांना सत्तेचाळिसावे लागले होते. आकडेमोड उमाबाईंनाही येत होती.

म्हणून एके दिवशी नवराबायको गुपचूप जालन्याहून गाडीत बसले आणि हैदराबादेत विलायतेहून शिकून आलेल्या एका सर्जनपुढे उभे राहिले. सर्जनने सांगितले की आतड्याचा बराचसा भाग वळसा घालून बाजूला ठेवता येतो, मग खाल्लेले अंगी लागत नाही. शस्त्रक्रिया नवी आहे, धोक्याची आहे, माणूस टेबलावरच जाऊ शकतो.

“चालेल,” नाझर म्हणाले. “टेबलावर निदान आडवा तर असेन.”

परंतु चार मणांच्या देहाला भूल देता येत नाही. आधी वजन साडेतीन मणांवर, म्हणजे तीन मण वीस शेरांवर, आणा, दिवाळीनंतर या, अशी अट पडली. थोडक्यात, वजन उतरविण्याची शस्त्रक्रिया करण्यासाठी आधी वजन उतरविले पाहिजे. (ज्यांनी कोर्टात नोकरी केली आहे, त्यांना या अटीत काही विचित्र वाटणार नाही.)

बातमी फुटली आणि अंबड हादरले. वीस वर्षे “नाझर, जरा कमी करा” म्हणणाऱ्या गावाला नाझर खरोखरच कमी होतील ही कल्पना सोसेना. मोंढ्यातले, म्हणजे धान्यबाजारातले, आडते काकासाहेब स्वतः घरी आले.

“देवानं दिल्याली चीज हाये ती नाझरसाहेब, कापून घेता का?” ते कळवळून म्हणाले. “अन् तुमच्या आतड्याला काय झालं? बिलकुल बराबर काम करून राह्यलंय ते. पन्नास वऱ्हाडी जेवताना म्या पाह्यलेत, पण असं आतडं न्हाई पाह्यलं. आमच्या धाकटीचं लगीन हाये माघात. पंगतीला कोण बसंल मंग?”

त्याच संध्याकाळी ‘नाझर वजन-उतार समिती’ स्थापन झाली. शस्त्रक्रियेची गरजच उरू नये इतके वजन लोकसहभागातून उतरवावे, असे तिचे ध्येय होते. अध्यक्ष काकासाहेब, कारण काटा त्यांचा. चिटणीस हेडमास्तर गजाननराव, कारण अक्षर त्यांचे. नाझरांना कोणीही जेवायला बोलावू नये, असा ठराव एकमताने मंजूर झाला. सभा संपल्यावर प्रत्येक सभासद घरी जाताना मनाशी म्हणाला, की आता सारा गाव या बिचाऱ्याला उपाशी मारणार, आपल्या घरून एक डबा गेला तर काय बिघडते. हा कनवाळू विचार सर्व घरांना एकाच वेळी सुचला. समितीच्या काळात नाझरांच्या घरी चूल पेटविण्याचे कारण पडले नाही.

आता काट्याविषयी सांगितले पाहिजे. काकासाहेबांच्या काट्याचा असा गुण होता, की शेतकऱ्याचा माल त्यावर हलका होई. घरून निघालेली मणभर ज्वारी मोंढ्यात पोचेपर्यंत दोनचार शेर वैराग्य घेई. हे शेतकऱ्यांना ठाऊक होते, हमालांना ठाऊक होते, देवळातल्या गुरवालाही ठाऊक होते. निजामाचे राज्य गेले, हैदराबाद राज्य गेले, मुंबई राज्य आले. काटा जागचा हलला नाही. मागे कडूबा नावाच्या एका शेतकऱ्याने कोर्टात फिर्याद केली, तेव्हा काटा तपासायला सरकारतर्फे खुद्द जगन्नाथराव नाझर गेले होते. दुपारची वेळ होती. काकासाहेबांच्या पत्नी पुष्पाबाईंनी पुरणाच्या पोळ्या केल्या होत्या. जेवणानंतर नाझरांनी काट्याकडे लांबूनच पाहिले आणि पंचनाम्यात लिहिले, “काटा बराबर आहे.” कडूबा हरला.

त्याच काट्यावर दर आठवडी बाजाराला, राजाची तुला व्हावी तसे, नाझरांना बसविण्यात येऊ लागले. पहिल्याच बाजारी चार मणांचे नाझर तीन मण तीस शेर भरले. टाळ्या पडल्या. आठवड्यागणिक आकडा उतरत गेला, कारण आता अध्यक्षांची अब्रू काट्याला टांगलेली होती. एका बाजारी गर्दीतून कडूबा ओरडला, “झपाट्यानं कमी होऊन राह्यले की साहेब! माझी ज्वारी बी अशीच व्हती. घरून निघाली तवा चांगली गुटगुटीत व्हती.”

सगळा मोंढा हसला. नाझरही हसले. मात्र घरी आल्यावर कोट निघेना, तो उमाबाईंना उसवून काढावा लागला.

“अहो, दोनदा सैल करून झाला हा कोट,” उमाबाई म्हणाल्या. “अन् लोक म्हणून राह्यले वजन उतरलं. तो काटा खोटा हाये, सांगून टाका ना एकदाचं.”

“बराबर हाये म्हणून मीच लिहून दिलंय, उमा. आता खोटा म्हणलो तर कडूबा पुन्हा कोर्टात उभा राहतो. माझी नोकरी जाते, काकासाहेब जातात. सगळा मोंढा उघडा पडतो.”

“अन् तुम्ही गेलात तर?”

नाझरांनी लोडाला पाठ टेकली. या प्रश्नाला उत्तर नव्हते असे नाही. ते पंचनाम्यात बसत नव्हते, एवढेच.

दिवाळीनंतर काटा तीन मण एकोणीस शेरांवर आला. सर्जनची अट पुरी झाली म्हणून नवराबायको हैदराबादेस निघाले; समितीने शिक्क्यानिशी दाखला दिला आणि दाखल्यासोबत अध्यक्षही गेले. सर्जनने नाझरांना आपल्या काट्यावर उभे केले. चार मण सहा शेर.

“डॉक्टरसाहेब,” काकासाहेब शांतपणे म्हणाले, “आमचा काटा कोर्टानं बराबर ठरवल्याला हाये. तुमच्या काट्याचा पंचनामा झालाय का?”

सर्जनने त्यांच्याकडे लक्ष दिले नाही. तो नाझरांना म्हणाला, “हे पाहा, दोनपैकी एकच गोष्ट खरी असेल. तुमचा काटा खोटा असेल, तर तसं सांगा. आजच दाखल करून घेतो. दोन महिने माझ्या देखरेखीखाली खा, वजन उतरेल आणि मी शस्त्रक्रिया करीन. पण काटा खरा असेल, तर तुम्ही तिथून इथवर येईपर्यंत हे सगळं खाल्लंत. असल्या माणसावर मी सुरी चालवत नाही. त्याला मारण्यासारखंच आहे ते.”

उमाबाई नवऱ्याकडे पाहत होत्या. काकासाहेबही पाहत होते. नाझरांना फक्त दोन शब्द बोलायचे होते. समोरच्या खोलीत पांढऱ्या चादरीची एक खाट होती, लांबरुंद, सपाट. नाझरांनी तिच्याकडे बराच वेळ पाहिले.

मग ते म्हणाले, “काटा बराबर आहे. मी गाडीत खाल्लं.”

जालना ते हैदराबाद एवढ्या प्रवासात सत्तावीस शेर वजन वाढविल्याची वैद्यकशास्त्रातली ही बहुधा एकमेव कबुली असावी. सर्जनने कागद मिटला. काकासाहेबांचे डोळे भरून आले; त्यांनी नाझरांना मिठी मारली, म्हणजे जेवढे कवेत आले तेवढ्यांना मारली. “गावाची इज्जत राखली तुम्ही,” ते म्हणाले.

अंबडला जंगी सत्कार झाला. सुरी न लावता निव्वळ लोकसहभागातून एकवीस शेर वजन उतरविल्याबद्दल हेडमास्तरांनी मानपत्र वाचले. शाल झाली, नारळ झाला, पंगत झाली. नाझर “नको” म्हणाले. एकावन्न जिलब्या झाल्या.

संक्रांत उलटली आणि एका पहाटे उमाबाई दचकून उठल्या, त्यांनी नवऱ्याला हलविले, पण या वेळी हलवून उपयोग झाला नाही. सकाळी लोकांनी नाझरांना खांबापासून सोडवले आणि अंगणात आडवे केले. चार वर्षांनी ते आडवे झाले. त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून उमाबाई पहिल्यांदा मोठ्याने रडल्या.

चौघांना तिरडी उचलेना. आठ लागले, तरीही वाटेत दोनदा खांदे बदलावे लागले. हेडमास्तर म्हणाले की प्रेत जडच होत असते. सर्वांनी माना डोलावल्या.

त्या आठांत तुम्हीही होता. तुमच्या खांद्याने त्या दिवशी नाझरांचे वजन केले, आणि सबंध तालुक्यात तेवढा एकच काटा बराबर होता. परंतु तुम्ही काही बोलला नाहीत, कारण पुढच्या बाजाराला तुमची तूर मोंढ्यात जायची होती. तेराव्याला नाझरांच्या आवडीची म्हणून जिलबी होती. काकासाहेबांच्या पुष्पाबाई स्वतः वाढत तुमच्या पानापाशी आल्या, आणि तुम्ही पानावर हात आडवा धरून “नको” म्हणालात.

एकदाच.