लिफ्टमधला कोंबडा

ही गोष्ट सांगितली तर कुणाचाही विश्वास बसणार नाही. पण लिफ्टच्या देखभालीच्या सॉफ्टवेअरमध्ये एकदा कोंबडा सापडला, आणि तोही नेमका तपासणीच्या दिवशी.

हे सॉफ्टवेअर बनवणाऱ्या ऑफिसात लिफ्टच्या कंपनीकडून तपासनीस बाई आल्या होत्या. सॉफ्टवेअरमध्ये बाहेरून आणून जोडलेले तयार तुकडे किती, याची यादी त्यांनी मागितली. तुकडे निघाले एकशे बारा. बाईंची पेन्सिल एकोणसत्तराव्यावर थांबली.

"हा 'कोंबडा' काय करतो?"

"आरवत असेल," ऑफिसातली जाड चष्म्याची ढापणी म्हणाली. गुरुजींनी तिच्याकडे असं पाहिलं, की तिने चष्मा पुसायला घेतला.

गुरुजींनी आयुष्यात शाळेत शिकवलं नव्हतं. पण साधं पाणी मागतानाही ते दोन उपदेश करत, म्हणून हे नाव. चार टेबलांच्या त्या ऑफिसचे ते प्रमुख.

"हा कुणी आणला आणि कशासाठी, हे मला तीन वाजेपर्यंत कळायला हवं," बाई म्हणाल्या. "नाहीतर करार पुढे चालवा, अशी शिफारस काही मी करणार नाही."

ऑफिसकडे करार तेवढा एकच होता. गुरुजींना घरभेद्याचा संशय आला. असा आगंतुक आपोआप येत नसतो, कुणीतरी दार उघडलेलं असतं! त्यांनी हाताखालच्या पैलवानाला कोपऱ्यात घेतलं. पैलवानाचं वजन पंचेचाळीस किलो.

"खरं सांग. परवा फोनवर कुणाशी कुजबुजत होतास?"

"बायकोशी."

"बायकोशी कुजबुजतात?"

"ती चिडली होती, गुरुजी. मोठ्याने बोलायची सोय नव्हती."

गुरुजींचं समाधान झालं नाही, पण तेवढ्यात ढापणीने हाक मारली. कुठला तुकडा कुणाच्या मागून आला, हे सांगणारी एक आज्ञा असते. तिने ती दिली होती. लग्नघरात अनोळखी पाहुणा जेवायला बसावा आणि हा कुणाकडचा, हे पंगतभर विचारत जावं, तसला प्रकार.

"कोंबड्याला आणलं 'हाकाऱ्या'ने. हाकाऱ्याला आणलं 'पहाऱ्या'ने. आणि पहारा थेट आपल्या मुख्य यादीत. म्हणजे तो इथल्याच कुणीतरी हाताने जोडलाय."

"करतो काय हा पहारा?"

ढापणीने माहिती वाचली. तिचा आवाज उतरला. "कीबोर्डवर बोटं चालतायत का, ते बघत बसतो."

"पाळत!" गुरुजी ओरडले. "हात वर! कुणी एक अक्षर टाइप करायचं नाही!"

सगळ्यांनी विस्तवाला हात लागल्यासारखे हात उचलले. पैलवानाने आपल्या कीबोर्डवर जॅकेट पांघरलं. गुरुजींनी इंटरनेटची वायर उपटली, त्याबरोबर बाईंचा अर्धा गेलेला अहवालही मध्येच लटकला. ढापणीने आपली पाण्याची बाटली पैलवानापासून लांब सरकवली.

"पाण्यात काय घालणार आहे मी?" पैलवान दुखावला.

"एकमेकांकडे बघू नका!" गुरुजी म्हणाले.

"मग कुणाकडे बघू?"

पण गुरुजींचा एक नियम होता: कारण लिहिल्याशिवाय काहीही जोडायचं नाही. ढापणीने नुसत्या माउसने चाचपडत ती नोंद शोधली. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'तात्पुरतं. पुढच्या आठवड्यात काढतो.' खाली नाव नव्हतं, नुसतं 'ऑफिस'. तारीख सहा वर्षांपूर्वीची.

"बघा, नावसुद्धा लपवलंय! मुरलेला माणूस आहे हा," गुरुजी म्हणाले.

"सहा वर्षांपूर्वी मी कॉलेजात होते," ढापणी म्हणाली.

"मी दुसऱ्या कंपनीत," पैलवान म्हणाला.

दोघांनी एकदमच गुरुजींकडे पाहिलं. सगळ्यांचे हात अजून अधांतरी होते. कीबोर्डला बोट लागून बरोबर दहा मिनिटं झाली होती.

"कुकूऽऽच कू!"

"हा शेजारचा कोंबडा!" गुरुजी सवयीने कडाडले. "वॉचमनला तीनदा सांगितलं, याचा बंदोबस्त कर म्हणून!"

"कुकूऽऽच कू!" आवाज गुरुजींच्याच टेबलावरून आला.

आणि मग गुरुजींना सगळं लख्ख आठवलं. सहा वर्षांपूर्वी ऑफिसात ते एकटेच. सर्दीच्या गोळ्यांनी जेवणानंतर डोळा लागायचा. दहा मिनिटं बोटं थांबली की उठवायला कुणीतरी हवं होतं, म्हणून त्यांनी स्वतःच हा आरवणारा पहारा जोडला होता. सर्दी गेली, गोळ्या संपल्या, डुलकी तेवढी राहिली. आणि सहा वर्षं रोज दुपारी ते दचकून जागे होत, शेजाऱ्याला शिव्या घालत आणि कामाला लागत.

आता हे सांगावं कोणत्या तोंडाने? करार तर जाणारच, वर झोपाळू म्हणून ख्याती! बाईंनी घड्याळात पाहिलं. तीनला पाच कमी. गुरुजींनी घसा साफ केला.

"मॅडम, सांगणार नव्हतो. आपलं कौतुक आपण कशाला करायचं! सहा वर्षांपूर्वी तुमच्या मुख्य ऑफिसात लिफ्ट अडकली. नवव्या मजल्यावर. आत चौदा माणसं, घंटा बंद, फोन बंद. मी इथून, या खुर्चीवरून, लिफ्टमध्ये कोंबडा आरवायला लावला. भर दुपारी लिफ्ट आरवतेय म्हटल्यावर अख्खी इमारत धावली, माणसं सुटली. तेव्हापासून तो काढायला मन होत नाही."

पैलवानाने डोळे पुसले. बाई शांतपणे लिहून घेत होत्या.

"नववा मजला?"

"नववा."

"चौदा माणसं?"

"पंधरा. एक तान्हं बाळ होतं."

बाईंनी पेन्सिल खाली ठेवली.

"गुरुजी, त्या ऑफिसात मी वीस वर्षं बसतेय. इमारतीला मजले दोन. आणि लिफ्ट आम्ही तिथे अजून बसवलेलीच नाही!"